तारेला फटाके ऐकू येत नाहीत

लक्ष्मीपूजन आटोपलं आणि छावनीत फटाक्यांना ऊत आला. आमचं घर शिंदे की छावनीतल्या आतल्या गल्लीत, दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागलेलं. सुतळी बॉम्ब कुठेही फुटला तरी त्याचा आवाज दोनदा येतो, एकदा गल्लीतून आणि एकदा आमच्या जिन्यातून. त्या गदारोळात माडीवरून भाचा ओरडला, “मामा, वर या. बेस आत्ताच घेऊन टाकू.”

मला ते पटेना. ताईचा आवाज टिपायला आम्ही चार दिवसांपूर्वी पहाटे पाचची वेळ गाठली होती. फ्रिज बंद केला होता, खिडकीला रजई लावली होती, भिंतीवरचं घड्याळ उतरवून खालच्या खोलीत ठेवलं होतं. तरीही एका टेकमध्ये कबुतर घुमलंच. आणि आता सगळं गाव पेटलेलं असताना हा ध्वनिमुद्रण करायचं म्हणतो!

मी वर गेलो. भाचा पलंगाच्या कडेला बसला होता, मांडीवर चार तारांची बेस गिटार. तिच्यातून एक केबल निघून टेबलावरच्या छोट्या डबीत, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमध्ये गेली होती आणि तिथून दुसरी केबल लॅपटॉपमध्ये. खोलीत मायक्रोफोन नव्हता. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि सर्वांत जाड तार छेडली. बाहेर धडाधड बार उडत होते आणि माझ्या कानांत एक लांब, गोल, गंभीर सूर उभा राहिला. त्यात फटाक्यांचा मागमूस नव्हता.

कारण साधं आहे. बेस गिटारच्या पोटात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. तीच केबलमधून पुढे जाते. या सगळ्या प्रवासात हवेचं काही काम नाही. फटाका हवा हलवतो, पिकअपला फक्त पोलाद हललेलं कळतं.

“तारेला फटाके ऐकू येत नाहीत, मामा,” भाचा म्हणाला.

त्या वाक्याची दुसरी बाजू आम्हाला भाऊबिजेला कळली. मधल्या दोन दिवसांत जे शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

ऐकणाऱ्यांचं गाव

आमच्या वस्तीच्या नावातच आमची भाषा आहे : शिंदे मराठी आणि ‘की छावनी’ हिंदी. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून आपला मुक्काम ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हलवला. सैन्याचा तळ पडला, तंबूंच्या जागी घरं झाली आणि तळाचं नाव शहराला चिकटलं : लष्कर. छावनी त्याच लष्कराचा भाग. अटलबिहारी वाजपेयींचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी इथलाच. सैन्यामागून कारकून आले, पुरोहित आले, वैद्य आले, आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी दरबारातलं गाणं आपलंसं केलं.

या गाण्याची मूळकथा ऐकण्याची आहे. परंपरा सांगते की दरबारात बडे मोहम्मद खाँ गायचे, तेव्हा हस्सू आणि हद्दू या दोघा तरुण भावांना पडद्याआड बसवलं जाई. खाँसाहेबांच्या ताना त्यांनी महिनोन्‌महिने लपून ऐकल्या आणि एके दिवशी दरबारात गाऊन दाखवल्या. कथेत अलंकार किती आणि इतिहास किती, हा वाद सोडून देऊ. ग्वाल्हेर घराण्याला स्वतःच्या जन्माची हीच गोष्ट सांगावीशी वाटली, हे मला महत्त्वाचं वाटतं. यंत्र नव्हतं तेव्हा कान हेच यंत्र होतं.

त्याच कानांवाटे हे गाणं दक्षिणेत गेलं. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे ग्वाल्हेरला येऊन शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि बुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. महाराष्ट्रातला ख्याल मोठ्या प्रमाणात असा या शहरातून पायी आणि रेल्वेने गेलेला आहे. मग कागद आला. १९१८मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने भातखंड्यांनी इथे माधव संगीत महाविद्यालय उभं केलं आणि राजाभैया पूछवाल्यांसारख्या गवयांनी बंदिशी स्वरलिपीत शिकवल्या. त्याआधी चार वर्षं, १९१४मध्ये, कृष्णराव शंकर पंडितांनी वडिलांच्या नावे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. मग तबकडी आली. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांच्या उतारवयातल्या मोजक्या ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळतात. हद्दू-हस्सूंचा आवाज मात्र कोणत्याही यंत्रात नाही. तो फक्त कानांतून कानांत आलेला आहे.

२०२३मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीताचं शहर म्हणून घेतलं. अशा गावात माडीवर बसून कोणी पोरगा बेस गिटार वाजवतो, हे आमच्या काही वडीलधाऱ्यांना अजून खटकतं. त्यांना मी भैया गणपतरावांची आठवण करून देतो. जयाजीराव शिंदे आणि चंद्रभागाबाई यांचे हे चिरंजीव. युरोपातून आलेली पेटी त्यांनी हातात घेतली आणि ठुमरीच्या अंगाने अशी बोलती केली की गोहरजानसारख्या गायिका त्यांच्याकडे शिकल्या. पुढे १९४०मध्ये याच पेटीवर ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. तिचे स्वर ठोकळ आहेत, तिच्यात मींड नाही, असा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. पेटी टिकली ती तिच्या उणिवा ओळखून वाजवणाऱ्यांमुळे. बेस गिटारलाही पडदे आहेत. त्या पडद्यांनी आम्हाला काय शिकवलं ते पुढे येईलच.

चार तारांचा प्रवास

बेस गिटार वयाने लहान. लिओ फेंडर यांनी अमेरिकेत १९५१मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. त्याआधी वाद्यवृंदात खालचा सूर सांभाळायला माणसाहून उंच डबल बेस असे. तो वाहून न्यायचा म्हणजे सर्कस, आणि ड्रम-ब्राससमोर त्याचा आवाज पोचायचाही नाही. फेंडरनी तोच खालचा सूर गळ्यात अडकवता येईल अशा फळीवर आणला. आणखी एक सोय केली : पडदे दिले. बोट नेमकं पडलं नाही तरी सूर नेमका पडेल, म्हणून नाव प्रिसिजन.

घरात बेस थेट तारेतून टिपण्याची कल्पनाही आजची नाही. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी एक राहतं घर विकत घेतलं आणि त्यात स्टुडिओ थाटला. तेच मोटाउन. तिथे जेम्स जेमरसन नावाचा वादक आपली बेस गिटार ॲम्प्लिफायर-मायक्रोफोनच्या वाटेने न नेता थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडून वाजवायचा. तारा वर्षानुवर्षं बदलत नसे आणि छेडायचा एकाच बोटाने. जगभर नाचलेल्या कितीतरी गाण्यांचा पाया त्या एका बोटाचा आहे.

आपल्याकडे हा आवाज मुंबईच्या चित्रपटसंगीताने घराघरांत नेला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. आपण ज्याला ‘पंचमचा ठेका’ म्हणतो, त्यात तबला-ड्रमइतकाच बेसचा हात आहे. पुढच्या पिढीत ए. आर. रहमान यांच्या गाण्यांतला कीथ पीटर्स यांचा बेस आठवा. आणि चरणजित सिंग आठवा. मुंबईच्या स्टुडिओंत बेस वाजवणाऱ्या या माणसाने १९८२मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली, सगळी यंत्रांवर. त्यातलं एक यंत्र होतं रोलंड कंपनीचं टीबी-३०३. साथीला बेसवाला नसेल त्या गिटारवाल्याला एकट्याने सराव करता यावा, म्हणून ते बनवलेलं होतं. खऱ्या बेससारखा आवाज त्यातून कधीच आला नाही आणि काही वर्षांत त्याचं उत्पादन थांबलं. पण त्या वेगळ्याच चिवचिवाटातून पुढे नृत्यसंगीताचा एक प्रकार जन्मला.

आज भाच्याच्या लॅपटॉपमध्ये बेसचे शेकडो तयार आवाज आहेत. कळफलकावर बोट ठेवलं की बेस वाजतो, ठोक्यावर अचूक, सुरात अचूक. मग हाताने वाजवायचं कशाला? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “त्यात तार नसते ना, मामा. सोडताना बोट घासतं ते नसतं.” ऐकायला गेलात तर दोन सुरांमधली ती जागाच बेसचा श्वास असते.

पन्नास हर्ट्‌झचा पाहुणा

काम असं होतं : ताईने भूपातला तराणा गायला होता, मध्यलय त्रिताल. तंबोरा घरचा, तबला माझा. त्याखाली भाच्याला बेस भरायचा होता.

ताईची पट्टी पांढरी पाच. तिचा मध्य षड्ज १९६ हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १९६ कंपनं. तिच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ९८. बेस गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तर तिचा सूर नेमका ९८ येतो. जिथे तंबोऱ्याची सर्वांत जाड तार संपते, तिथे बेसची सर्वांत बारीक तार सुरू होते. हे लक्षात आलं तेव्हा ताईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा या वाद्याबद्दल कुतूहल दिसलं.

त्याच्याही खालचा षड्ज, ४९ हर्ट्‌झचा, जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. भाच्याने तो वाजवला आणि हेडफोनमध्ये काहीतरी विचित्र झालं. सूर स्थिर राहीना. सेकंदाला एकदा फुगायचा, एकदा ओसरायचा, झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा. तार सोडली तरी मागे गुणगुण उरत होती.

ती गुणगुण घरातल्या विजेची होती. आपल्या देशात वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झुलते. भिंतीतल्या वायरी, चार्जर, ट्रान्सफॉर्मर सगळे ५० हर्ट्‌झने आणि त्याच्या पटींनी भुणभुणत असतात आणि पिकअपला ते ऐकू येतं. पन्नास वजा एकोणपन्नास : एक. दोन सूर जवळजवळ सारखे असले की त्यांच्यातल्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात. तंबोरा लावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, ते हेलकावे थांबले की तार जुळली. इथे ताईचा षड्ज आणि मध्य प्रदेशची वीज एका हर्ट्‌झच्या अंतरावर शेजारी बसले होते.

गाणाऱ्याच्या आवाजातून अशी गुणगुण कापून काढता येते, कारण गळा इतका खाली जातच नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक चाळणी लावायची, काम झालं. बेसचं तसं नाही. ५० कापायला जावं तर ४९चा षड्जच जातो. म्हणजे घाण नंतर धुऊन काढायची सोय नाही, ती येऊच द्यायची नाही.

मग शोध सुरू झाला. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर चालवला. गुणगुण निम्म्यावर आली. जुन्या घरांत भिंतीतला अर्थिंगचा धागा भरवशाचा नसतो, आणि चार्जरवाटे विजेला नको तिथे वाट मिळते. मग भाचा बेस घेऊन जागेवरच हळूहळू वळला. एका दिशेला गुणगुण वाढायची, एका दिशेला कमी व्हायची. पिकअप हा अँटेनासारखा असतो, तोंड कुठे यावर त्याचं ऐकणं अवलंबून. त्याच्या बेसला दोन पिकअप आहेत, वेढे उलटसुलट दिशेने घेतलेले. दोन्हींचा आवाज पूर्ण उघडला की दोघांनी उचललेली वीज एकमेकींना खोडते आणि तारेचा सूर मात्र शिल्लक राहतो. तेही केलं. तरी एक बारीक चरचर राहिलीच. ती खिडकीच्या दिशेने वाढत होती.

खिडकीवर दिव्यांची माळ होती. एलईडीची, लुकलुकणारी. तिच्या स्वस्त सर्किटची चरचर थेट पिकअपमध्ये शिरत होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडकीतला दिवा विझवायचा कसा? मी खाली जाऊन ताईला विचारलं. ती म्हणाली, “माळ काढ रे. पणत्या आहेत ना.” तिने चार पणत्या खिडकीच्या दगडावर मांडल्या. मी माळेचा प्लग ओढला. हेडफोनमध्ये शांतता पसरली आणि त्या शांततेत षड्ज उभा राहिला, न हलता.

टेक

पुढचं तंत्र तसं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पिकअपची वीज अशक्त असते, तिला नेहमीच्या माइकच्या खाचेत घातलं तर सुराचा वरचा तजेला मरतो. म्हणून इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ असं बटण असतं, ते दाबायचं. आवाजाची पातळी अशी ठेवायची की सर्वांत जोरात छेडलेली तारही उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणात हळू टिपलेलं नंतर वाढवता येतं, पण वरची मर्यादा ओलांडून फाटलेला सूर शिवता येत नाही.

दुसरी गोष्ट उशीर, त्याला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाजाचे तुकडे गोळा करतो आणि मग पुढे ढकलतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असताना एका वेळी २५६ नमुन्यांची मोट बांधली, तर एका फेरीला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून तेवढ्या वेळात पावणेदोन मीटर जातो. म्हणजे तबलजी शेजारच्या चटईवर बसावा तितकंच अंतर. मोट १,०२४ नमुन्यांची केली तर तबलजी सात मीटर लांब, दिवाणखान्याच्या पलीकडे जाऊन बसतो. भाचा वापरतो त्या रीपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा बदलता येतो, ऑडॅसिटी किंवा गॅराजबँडमध्येही काही ना काही सोय असतेच. प्रत्येक घरगुती संगीतकाराने तो एकदा तरी तपासावा. कितीतरी मुलं आपला ताल कच्चा समजून निराश होतात आणि दोष त्या मोटेचा असतो.

पहिला टेक झाला. समेवर षड्ज, खालीवर पंचम. पडद्यावर लाटा दिसत होत्या आणि प्रत्येक सूर ठोक्याच्या रेघेमागे केसभर पडला होता. भाच्याने सगळे उचलून रेघेवर बसवले, सॉफ्टवेअरला ते एका कळीचं काम. ऐकलं. माझा तबला अचानक घाईत असल्यासारखा वाटू लागला. मी मध्यलयीत समेवर किंचित रेलून वाजवतो, हाताची जुनी सवय आहे, आणि ताई त्यावर तोलून गाते. रेघ सरळ होती, आम्ही दोघं नव्हतो. त्याने एका कळीने सगळं पूर्ववत केलं.

खालचा सूर हलला की

पाडव्याच्या दुपारी ताई ऐकायला बसली. षड्ज-पंचम तिने मान हलवत ऐकलं. अंतऱ्यात भाच्याने जरा हौस केली होती, बेस गंधारावर नेऊन दोन आवर्तनं तिथेच ठेवला होता. ताईने हात वर केला.

“हा मालकंस कुठून आला?”

गंमत अशी की पडद्यावरचा एकही स्वर भूपाबाहेरचा नव्हता. सा, रे, ग, प, ध, एवढेच. पण या पाच स्वरांतल्या गंधाराला षड्ज मानलं की उरलेले चार मालकंसाच्या जागांवर जाऊन बसतात. पंचमाला षड्ज माना, दुर्गा होतो. धैवताला माना, धानी. मूर्च्छना म्हणून आपण हे वहीत शिकतो. बेसने ते कानांना करून दाखवलं. ऐकणारा सर्वांत खालच्या सुराला घर मानतो. खालचा सूर गंधारावर जाऊन बसला की वर ताईने कितीही शुद्ध भूप गायला तरी ऐकणाऱ्याचं घर बदलतं.

पाश्चात्त्य संगीतात हीच बेसची ताकद आहे, वरची चाल तीच ठेवून खालून अर्थ बदलणं. रागात मात्र ती जबाबदारी होते. भाच्याने गंधार काढला नाही. तो त्याला आता एका मात्रेपुरता स्पर्शून येतो, घर न बांधता.

धैवतावर ताई पुन्हा थांबली. जाड तार मोकळी छेडली की पांढरी पाचच्या हिशेबाने खालचा धैवत मिळतो, बेसचा सर्वांत खोल सूर. भाच्याला तो फार आवडतो. ताई म्हणाली, “चढतोय. हा देशकाराकडे चाललाय.”

भाच्याने ट्यूनर दाखवला. सूर बरोबर मध्यावर, हिरवा दिवा. दोघंही खरे होते. गिटारचे पडदे आणि ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्या हिशेबात धैवत तंबोऱ्याच्या नैसर्गिक धैवतापेक्षा १६ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाने चढा असतो. ताईचा धैवत ३२६.७ हर्ट्‌झच्या आसपास, बेसच्या धैवताचा आठवा उपस्वर ३२९.६. सेकंदाला तीन हेलकावे. आणि जाणकार सांगतात की भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असले तरी देशकाराचा धैवत किंचित चढा आणि जास्त बलवान. पडद्यांचं गणित नकळत त्याच वाटेने चाललं होतं. १९४०मध्ये पेटीवर घेतलेला आक्षेप ऐंशीहून अधिक वर्षांनी आमच्या माडीवर बेसच्या नावे पुन्हा उभा राहिला.

“तंबोरा घे,” ताई म्हणाली. तिने स्वतः खर्ज छेडला आणि भाच्याने ट्यूनर बंद करून जाड तार हळूहळू उतरवली. हेलकावे तीनाचे दोन झाले, दोनाचा एक, मग थांबले. मोकळ्या तारेचा धैवत जुळला.

पण त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावर खालचा षड्ज आहे. तार उतरवली की तोही उतरला. घरच्या सॉफ्टवेअरने इथे वाट दिली : धैवताच्या जागा एका ट्रॅकवर, तार उतरवून. षड्जाच्या जागा दुसऱ्या ट्रॅकवर, तार पुन्हा चढवून. एका माणसाने दोन बेस वाजवले आणि ऐकताना तो एकच वाटला. ट्रॅक कितीही वाढवता येणं ही घरगुती ध्वनिमुद्रणाची खरी श्रीमंती आहे, आणि ती अशा कामासाठी वापरली जाताना पाहून मला मनापासून आनंद झाला.

पावणेचौदा फूट

रात्री भाच्याने मिक्स केला. खोलीच्या मधोमध टेबल, समोर दोन स्पीकर. धैवत त्याला कमी वाटत होता, म्हणून तो वाढवत गेला. मग आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन खाली उभ्या गाडीत जाऊन बसलो. धैवत आला आणि दारांचे पत्रे थरथरले. बाकी गाणं त्यात बुडालं.

परत वर येऊन मी मेजपट्टी काढली. खोलीची लांबी पावणेचौदा फूट, म्हणजे ४.२ मीटर. त्या खोल धैवताची एक लाट हवेत सुमारे ८.४ मीटर लांब असते, बरोबर दुप्पट. अशी लाट दोन दगडी भिंतींमध्ये अडकली की भिंतींजवळ ती जोरात ऐकू येते आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. भाचा नेमका त्या मध्यावर बसून धैवत शोधत होता. मी त्याला डोकं पाठीमागच्या भिंतीला टेकवायला सांगितलं आणि तोच मिक्स पुन्हा लावला. “बाप रे,” तो म्हणाला.

टेबल पुढे सरकवलं. कोपऱ्यांत गाद्या उभ्या केल्या, पण इतक्या लांब लाटेला गादीचं फारसं काही वाटत नाही. खरा उपाय एकच : चार ठिकाणी ऐकायचं. हेडफोनवर, गाडीत, शेजारच्या खोलीतून, आणि फोनवर.

फोनची गोष्ट वेगळीच. त्याच्या इवल्या स्पीकरला दीडशे-दोनशे हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही वाजवता येत नाही. तरीही ४९चा षड्ज फोनवर ऐकू आल्यासारखा वाटतो. कारण तारेतून ४९बरोबर ९८, १४७, १९६ असे उपस्वरही निघतात. वरचे उपस्वर कानाला मिळाले की त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू तळाचा सूर स्वतः भरून काढतो. तंबोऱ्यापुढे बसून नीट ऐकणाऱ्याला कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. ते उपस्वर तारेतच असतात, कानाने फक्त लक्ष द्यायचं असतं. बेसच्या बाबतीत कान त्याहून एक पायरी पुढे जातो, नसलेलंही पुरवतो. म्हणून तारेचं घासणं, बोटाचा खरखरीत स्पर्श काढून टाकून बेस ‘स्वच्छ’ करू नये. फोनवर ऐकणाऱ्याला बेस भेटतो तो त्या खरखरीतूनच.

भाऊबीज

भाऊबिजेला सकाळी ओवाळून झालं आणि आम्ही तिघांनी पूर्ण तराणा ऐकला. छान झाला होता. हेलकावे नव्हते, गुणगुण नव्हती, घर हलत नव्हतं. ताई बराच वेळ गप्प होती.

“तू माझ्या मागे येतोस,” ती मुलाला म्हणाली, “पण मी तुझ्याकडे कशी येऊ? मी गायले तेव्हा तू नव्हतास.”

तो म्हणाला, “आई, फटाक्यांत तुझं गाणं घेता आलं नसतं म्हणून वेगळं केलं. तारेला फटाके ऐकू येत नाहीत.”

“तारेला मीही ऐकू येत नाही,” ताई म्हणाली. “तुला येते.”

त्या एका वाक्यात मला आमच्या गावाचं सगळं गाणं दिसलं. पडद्याआड बसलेले दोन भाऊ दिसले. यंत्र टिपतं, आणि आज ते छावनीतल्या पोराच्या टेबलावर मावतं, याचं मला अतोनात अप्रूप आहे. ज्या घरातून कधी कोणी मुंबईच्या स्टुडिओची पायरी चढलं नाही, त्या घरातलं गाणं आता शुद्ध स्वरूपात राहू शकतं. पण खालचा सूर धरणाऱ्याचं काम ऐकण्याचं आहे, आणि ते तारेवर सोपवता येत नाही.

इंटरफेसला दोन खाचा होत्या. एकीत मायक्रोफोन, एकीत बेस. पिकअपला जसं बाहेरचं ऐकू येत नाही, तसं बेसचं खोलीत काही सांडतही नाही. तो हेडफोनमध्येच राहतो, माइकपर्यंत पोचत नाही. म्हणजे एका खोलीत, एका वेळी, सगळे बसू शकत होतो. ताईने हेडफोन एकाच कानावर घेतला, दुसरा कान तंबोऱ्यासाठी मोकळा. मी तबला जरा मागे सरकवला, जुन्या तबकड्यांसाठी एकाच भोंग्यापुढे सगळ्यांना मागे-पुढे बसवत तसा. गल्लीत पहाटेपासून फटाके नव्हते, आदल्या रात्री सगळ्यांचे संपले असावेत.

या वेळी दोन ट्रॅकांची सोय नव्हती. भाच्याने जाड तार धैवताला लावलेली ठेवली आणि षड्जासाठी तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून तार किंचित आडवी ओढली, सूर चढेपर्यंत. आधी दहा-बारा वेळा चुकला. ताई तंबोरा छेडत थांबून राहिली. मग बोटाला जागा सापडली.

मी लाल बटण दाबलं आणि तबल्यावर बसलो. ताईने मुखडा घेतला, समेवर आली. भाच्याचं बोट तारेवर होतं, पण त्याने ती छेडली नाही. डोळे मिटून तो ऐकत होता. पडद्यावर वरच्या रेघेत लाटा उठत होत्या आणि खालची रेघ सपाट होती. सोळा मात्रा गेल्या. आणखी सोळा. तिसऱ्या समेला, ताईच्या षड्जामागे केसभर, खालचा सूर आला.

तो टेक आम्ही तसाच ठेवला आहे. पहिल्या दोन आवर्तनांसकट.